लाल पेन्सिलीतलं 'गप्प'

एका प्रयोगात ती वाक्य विसरली, आणि विंगेत वही धरून उभा असलेला मी गप्प राहिलो. मी प्रॉम्प्टर होतो. अडलेल्याला वाक्य द्यायचं, एवढंच माझं काम. वाक्यही केवढं, तर सात शब्दांचं: 'दार उघडंच आहे, पण मी येणार नाही.' आज मला झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवेन. त्या दिवशी तर मी टक्क जागा होतो.

प्रॉम्प्टर मी हौसेने झालेलो नव्हतो. आमची डोंबिवलीतली हौशी मंडळी, सगळी बँकांतली नि कारखान्यांतली. तालमी शाळेच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकांना गुडघे आपटत. माझी पहिली भूमिका नोकराची. चहाचा ट्रे आणायचा, 'साहेब आलेत' म्हणायचं आणि जायचं. मी ट्रे आणला, बोलायचं विसरलो आणि ट्रे तसाच परत घेऊन गेलो. साहेब बिचारे दाराआड ताटकळत राहिले. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी माझ्या हातात वही ठेवली. तुझ्यासमोर कागद असलेला बरा, म्हणाले.

ती मानपाड्याची, आगरी घरातली. घरचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलेलं आणि त्याच वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात ही टायपिस्ट. पहिल्या तालमीला तिच्या उच्चारांना दोघे-तिघे हसले, त्यात मीही होतो. मग महिनाभर जेवणाच्या सुट्टीत तिने पेपर मोठ्याने वाचून काढला आणि पुढे आमचेच उच्चार सुधारायला लागली. रागावली की मात्र घरची बोली उसळून यायची. मला ती तेव्हा फार आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. न बोलण्याची सवय जुनीच.

ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आमचं स्पर्धेचं नाटक नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईचं होतं. शेवटी नवरा दार उघडून उभा राहतो, आत ये म्हणतो. ती उंबऱ्याशी येते आणि ते सात शब्द म्हणते. स्पर्धेच्या दिवशी ती उंबऱ्याशी आली आणि थांबली. तालमीत ती तिथे कधी थांबली नव्हती. हॉलमध्ये कोणी खोकेना. मला वाटलं, अडकली. मी बेंबीच्या देठापासून वाक्य दिलं. ते तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं, आणि तिसऱ्या रांगेत परीक्षक बसलेले. आधी एकजण हसला, मग सगळेच.

बक्षीस गेलं. ती विंगेत आली, माझ्या हातातली वही ओढून घेतली.

"मी विसरलेले नव्हते. मी थांबलेले. मी थांबले की तू तोंड उघडायचं नाहीस. कधीच."

मेकअपच्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलून तिने त्या वाक्याच्या डोक्यावर लिहिलं: गप्प.

त्यानंतर ती व्यावसायिक नाटकांत गेली, गावोगाव फिरली, आणि मग टीव्हीवर दिसायला लागली. तिच्या मालिकांचं शूटिंग ठाण्याकडच्या बंगल्यांत चालायचं. भाजीवाल्या तिला थांबवून सूनबाईची चौकशी करायच्या. पस्तिशीत ती पडद्यावर सासू झालेली, मुलगा तिच्याहून तीन वर्षांनी लहान. एकदा भेटली तेव्हा म्हणाली, तिथे पाठांतर लागत नाही रे, दोन-दोन ओळी तोंडावर देतात, म्हटल्या की संपलं. मी म्हटलं, मजा आहे मग. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हाही मला कळायला हवं होतं.

नव्वदीच्या मधल्या एका वर्षी आमच्या मंडळींनी ते जुनं नाटक पुन्हा काढलं. रविवारी दुपारचा एकच प्रयोग. ती हो म्हणाली, कारण मुंबईचे एक निर्माते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर ते नाटक तिला घेऊन व्यावसायिक रंगभूमीवर करणार होते. "एवढं एक जमू दे," ती मला म्हणाली. "नाहीतर मी जन्मभर कोणाची तरी आईच." शूटिंगमधून धावतपळत येऊन जेमतेम तीन तालमी केल्या तिने. मी तीच वही आणलेली. लाल 'गप्प' दाखवलं तर मनापासून हसली. 'खोडून टाक' म्हणाली नाही.

प्रयोग छान रंगला. शेवटी नवऱ्याने दार उघडलं. ती उंबऱ्याशी आली आणि थांबली. मी वहीत बघितलं. गप्प. मी वही छातीशी धरली. हॉल पुन्हा तसाच नि:शब्द, आणि या खेपेला मी शहाणा. ती वळून दोन पावलं माझ्या विंगेकडे आली. वा, मी मनात म्हटलं, ही हालचाल नवी आहे. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. मी मान डोलावली. चांगलं चाललंय, अशा अर्थाने.

तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. नवरा झालेला आमचा बँकेतला मित्र दाराची कडी धरून उभाच. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "कट." हॉल हसला. पडदेवाल्याने पडदा पाडला.

रंगपटात ती आरशासमोर बसून कुंकू पुसत होती. मी दारात. निर्माते न भेटताच गेले, हे तोवर सगळ्यांना कळलेलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही रे. मीच लिहून ठेवलेलं." शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

त्यानंतर ती रंगमंचावर उभी राहिली नाही. आमची भेटही नाही. रोज संध्याकाळी ती आमच्या घरात येते, कोणाच्या तरी लग्नाची काळजी करते, जाते. मध्येच थांबली की माझ्या तोंडून 'दार उघडंच आहे' निघतं. पहिल्यांदा बायको खरोखरच दार लावून आली होती. आता तीही उठत नाही.

त्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी मी बाळकुमला गेलो, आमच्या मेकअपमनकडे. खाडीकाठच्या कोळ्याच्या घरातला हा गडी. त्या प्रयोगाला तिचा चेहरा यानेच रंगवलेला आणि आता तिच्याच मालिकेवर होता. अंगणात बसून ब्रश धूत होता. ती माझ्याबद्दल कधी काही बोलते का, असं मी आडून आडून विचारलं. नाही म्हणाला. मग मी आपली कैफियत मांडली. वही, लाल पेन्सिल, तिचाच हुकूम. शिवाय ती माझ्याकडे इतकी सुंदर बघत होती की मला ते अभिनयच वाटलं.

त्याने ब्रश झटकला. पाणी माझ्या शर्टावर उडालं.

"मी मागच्या विंगेत उभा होतो, मला तिची पाठ दिसत होती. पाठीवरनं कळलं मला," तो म्हणाला. "तुला नुसतं बघतच बसायचं होतं, तर तिकीट काढून समोर बसायचंस ना."