हंसपद

छापखान्यातल्या त्या बाईंचा व्यवसाय मुद्रितशोधनाचा, म्हणजे छपाईपूर्वीच्या कच्च्या पानांतल्या चुका हुडकण्याचा. खिडकीलगतचे टेबल, लाकडी फूटपट्टी, तांबड्या शाईचे पेन आणि शेजारी मूळ हस्तलिखित, एवढ्या सामग्रीवर त्यांनी अकरा वर्षे शालेय भूगोलापासून औषधांच्या माहितीपत्रकांपर्यंत सारे काही वाचले. सुटलेला शब्द जिथे घालायचा, तिथे दोन ओळींच्या मध्ये एक टोकदार खूण करतात. तिला कोणी काकपद म्हणतात. बाई मात्र हंसपद म्हणत; पाण्यातून दूध वेगळे काढणाऱ्या पक्ष्याचे ते पाऊल, अशी त्यांची श्रद्धा. ही विद्या पुढे खरोखरच्या दुधासाठी खर्ची पडेल, हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते.

घरात नवरा, सासूबाई आणि नवऱ्याचे थोरले चुलते. हे चुलते निवृत्त शाळा-तपासनीस. त्यांना सारे घर ‘सर्वज्ञ’ म्हणे. मुळात कोणी तरी थट्टेने म्हटले असावे. पण त्यांनी ती पदवी इतक्या गांभीर्याने धारण केली की थट्टा लाजून निघून गेली. विषयाचे ज्ञान जितके तोकडे, तितका त्यांचा स्वर धीरगंभीर होई. नवऱ्याचे चष्म्याचे दुकान. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलत ‘आता स्पष्ट दिसतंय?’ असे दिवसभर विचारणाऱ्या या गृहस्थाला घरात पाऊल टाकले की काहीच दिसेनासे होई.

मुलगी साडेतीन महिन्यांची, निव्वळ अंगावर पिणारी. गालांवर खरबरीत लाल चट्टे, पाजल्यावर पाय पोटाशी घेऊन आक्रोश, आणि गेले काही दिवस चिकट शीमध्ये रक्ताचे बारीक धागे.

“सगळीच पोरं रडतात गं,” सासूबाई म्हणाल्या.

“उष्णता,” सर्वज्ञ म्हणाले. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी दुसरे कोणतेही निदान केलेले नव्हते.

बाईंनी एक वही केली. पानाच्या डावीकडे स्वतः काय खाल्ले ते, उजवीकडे मुलीला काय झाले ते, दोन्हींपुढे वेळ. सर्वज्ञांना हा मोठाच विनोद वाटला. “काय सूनबाई, बाळाचं प्रूफ तपासून झालं का? छापायला कधी पाठवताय?” नवरा हसला. काकांच्या विनोदाला हसणे हेच त्याचे गृहकृत्य.

शेवटी डॉक्टरांकडे जायचे ठरले, तेव्हा ‘बायकांच्या डोक्यात डॉक्टरांचं बोलणं शिरत नाही’ म्हणून सर्वज्ञही निघाले. डॉक्टरांनी पिशवीतून आणलेले लंगोट पाहिले, वही सावकाश वाचली. दाराबाहेर रुग्णांची रांग होती. बाई बाहेरच्या बाकावर मुलीला कपडे चढवीत असताना चिठ्ठी सर्वज्ञांच्या हाती पडली. घरी येऊन त्यांनी ती सभेत ठराव वाचावा तशी वाचली:

“दूध पूर्ण बंद. दोन आठवडे. नंतर पुन्हा सुरू करून पाहणे. आईला कॅल्शियमची गोळी, रोज एक.” आणि चष्मा काढून म्हणाले, “झालं! हिचंच दूध पोरीला बाधतंय. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

पहिल्या दिवसापासून ते उष्णता सांगत होते, याची आठवण कोणी करून दिली नाही. तासाभरात दूधभुकटीचा डबा घरात आला. सासूबाईंनी पाणी उकळत ठेवले, आणि मुलीला आता आईपाशी द्यायचे नाही असा हुकूम सुटला. अज्ञानाला एरवी उठायचाही कंटाळा असतो. पण दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात काही घालायचे म्हटले की त्याच्या अंगी विलक्षण चपळाई संचारते.

बाईंनी चिठ्ठी मागून घेतली. फूटपट्टी ओळीखाली धरली. वाचून झाल्यावर शेवटच्या ओळीपासून वरपर्यंत उलटी वाचली, धंद्यातली सवय.

“काका, मी पाजायचंच नसेल, तर कॅल्शियमची गोळी मला कशाला?”

“अशक्तपणा असेल.”

“माझं दूध दोन आठवडे तोडलं तर ते आटेल. मग ‘पुन्हा सुरू करून’ काय पाहायचं?”

“अगं, डॉक्टरांच्या चिठ्ठीत तू चुका काढणार?” नवरा म्हणाला.

“चूक नाही. शब्द सुटलाय.”

पाणी उकळत राहिले. बाईंनी मुलीला उचलले आणि तशाच घरच्या चपला घालून दवाखाना गाठला. रांगेतल्या लोकांची बोलणी खाल्ली आणि चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवली. “डॉक्टर, दूध कुणाचं? घरी तर दूधभुकटीचा डबा आलाय.”

डॉक्टरांनी वाचले आणि ओशाळून कपाळाला हात लावला. “अहो, तुमचं पाजणं मुळीच थांबवायचं नाही! तुम्ही जे दूध पिता, दही, लोणी, चीज खाता, ते बंद. त्यातली प्रथिनं तुमच्या दुधातून हिच्यापर्यंत पोचतात. आणि हो, त्या डब्यातही तेच आहे.”

बाईंनी पेन पुढे केले. डॉक्टरांनी ‘दूध’ या शब्दाआधी ती टोकदार खूण केली आणि वर लिहिले: ‘आईच्या आहारातले गाईम्हशीचे’.

ज्या भाषेत माउलीच्या पान्ह्याला आणि गोठ्यातल्या धारेला एकच शब्द आहे, तिथे केवढा विवेक हवा! त्या घरात तो एकीपाशीच होता.

आठव्या दिवशी रक्ताचे धागे थांबले. अकराव्या दिवशी पुन्हा दिसले. “झालं समाधान?” सर्वज्ञ प्रसन्नपणे म्हणाले. लेकरू बरे होण्यापेक्षा आपण बरोबर ठरणे ज्यांना गोड लागते, त्यांच्याविषयी काय लिहावे? बाईंनी वहीची डावी बाजू पाहिली. आदल्या दोन दिवसांत नवा जिन्नस एकच होता: नवऱ्याने आणलेला पाव. “पावात कुठलं आलंय दूध?” नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याच दुकानातले भिंग वेष्टनावर धरले. मुंगीएवढ्या अक्षरांत ‘दूधभुकटी’. चष्मेवाल्याने ते वाचले आणि उरलेला पाव उचलून घराबाहेर नेला. दोन आठवडे पहिल्यापासून मोजले गेले. चट्टे निवळले, मुलगी पोटभर पिऊन झोपू लागली. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाई मुद्दाम पेलाभर दूध प्यायल्या. तिसऱ्या दिवशी धागे हजर. निदान पक्के झाले.

सहा महिने भरल्यावर वरचे खाणे सुरू झाले. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहते. मग दोन-तीन दिवस थांबायचे. मऊ भात, बटाटा, गाजर, पूर्ण शिजवलेले अंडे, सारे वहीत. दूध-दही मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही.

एका सकाळी बाई न्हाऊन येतात तो मुलीच्या तोंडाभोवती लाल गांधी उठलेल्या, आणि पाहता पाहता त्या मानेवर उतरत होत्या.

“काय दिलंत हिला?”

सासूबाईंनी सर्वज्ञांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

“काका, डॉक्टर मला पहिलं हेच विचारणार. काय दिलं?”

“काही नाही. कशाला कोण देईल?”

मुलगी अंग खाजवत होती आणि एक वयोवृद्ध, सुशिक्षित मनुष्य आपली अब्रू सांभाळत होता. त्या अब्रूचे मोल इतरांना ठाऊक नव्हते. त्याला मात्र ते एका लेकराच्या श्वासाहून अधिक वाटले. नवरा मोरीपाशी गेला, चमचा उचलून पाहिला. “दही आहे,” तो म्हणाला आणि रिक्षा आणायला धावला.

डॉक्टरांनी औषध दिले, दोन तास डोळ्यांपुढे ठेवून घेतले. गांधी उतरल्या. “ओठ, जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला, तर माझ्याकडेही येऊ नका. थेट मोठं रुग्णालय,” त्यांनी बजावले.

घरी आल्यावर बाईंनी वही सर्वज्ञांपुढे ठेवली. “आजची नोंद तुम्ही करा, काका.”

“मुलगी बरी आहे ना आता? मग कशाला—”

“करा.” हे नवरा म्हणाला.

सर्वज्ञांनी सुरेख, वळणदार अक्षरांत लिहिले: ‘सकाळी दही अर्धा चमचा दिले.’ वही मिटून परत केली. बाईंनी ती उघडली. फूटपट्टी ठेवली, वाचले. ‘दिले’च्या आधी तांबड्या शाईने एक हंसपद काढले आणि पेनासकट वही पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली.

“शब्द सुटलाय, काका.”

सर्वज्ञांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासलेल्या त्या हाताने तेथे लिहिले: ‘मी’.