आक्काने स्ट्रक्चर झाकलं

ऑफिसात तिला सगळे आक्का म्हणायचे. वयाने नव्हे, धाकाने. कानाच्या मशीनमधला आवाज स्वच्छ करणारी सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, तिने एकटीने उभी केली होती. गोंगाटातून माणसाचं बोलणं वेगळं काढायची नवी युक्ती तिला सापडली, तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरेनात! पण त्यासाठी आतल्या माहितीची मांडणी बदलायला हवी होती, आणि तिथेच घोडं अडलं.

ही मांडणी ज्यात लिहिलेली होती ते स्ट्रक्चर हेडर फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या दर्शनी पानावर, सगळ्यांना उघडं होतं. मशीनच्या टीमचा प्रमुख, भाऊ, त्या कामासाठी दिलेली आक्काची फंक्शनं सोडून थेट आतले आकडे बदलायचा. मांडणी हलली की त्याचा प्रोग्राम कोसळणार.

"एवढ्यातेवढ्याला काय फंक्शन बोलवायचं? वेळ जातो," भाऊ म्हणाला.

"भाऊ, पाहुणा म्हणून येतोस आणि माझ्याच कपाटात हात घालतोस. मी कपाट हलवायचं कसं? आणि किती वेळ जातो, मोजून दाखव!"

त्याने मोजला. फरक नावालाही नव्हता. "बरं बाई, घाल कुलूप," तो पुटपुटला.

आक्काने स्ट्रक्चर उचललं आणि लायब्ररीच्या पोटात टाकलं. बाहेर राहिलं फक्त त्याचं नाव आणि त्याची जागा दाखवणारा एक पॉइंटर. भाऊने आपला प्रोग्राम कंपाइल केला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला दिला मात्र, त्याचा स्क्रीन एररनी लालेलाल झाला.

"आक्का, मेलो!"

"छान! तू कुठे कुठे हात घातलास ते आता कंपायलरच सांगतोय!"

दोघं शेजारी बसून एकेक जागा दुरुस्त करू लागले. मध्येच आक्का खुर्चीवरून उडालीच. "हे बघ! आवाजाची पातळी माझी लायब्ररीही बदलतेय आणि तुझा प्रोग्रामही. दोघांची ओढाताण! म्हणून मशीन शिट्टी मारतं!"

त्या शिट्टीच्या तक्रारी करून ग्राहकांनी वर्षभर त्यांना भंडावून सोडलं होतं. भाऊने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसला.

मग आक्काने नवी मांडणी आत घातली. या वेळी भाऊला स्वतःची एक ओळही बदलावी लागली नाही. शिट्टी गेली ती गेलीच.

चाचणीचं पहिलं मशीन तिने घरी नेऊन वडिलांच्या कानात बसवलं. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. सवयीप्रमाणे ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाबा, ऐकू येतंय का?"

बाबा दचकले. "अगं, हळू! ओरडतेस कशाला?"

आक्काने आईला तिथूनच हाक मारली, आणि मग तिघंही एकदमच बोलू लागले.