इंजिनावरच्या अक्षता

गोपाळकृष्ण आगाशे यांनी सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली. जळालेलं दुकान असो की ठोकलेली मोटार, ते शांतपणे चष्मा पुसत आणि पहिला प्रश्न एकच विचारत : दोष कोणाचा? निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ही खोड गेली नाही. दूध उतू गेलं तरी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात आधी चौकशी होई, मग ओटा पुसला जाई. पुसत अर्थातच नीरजाबाई, त्यांची बायको. "चौकशी संपली असेल तर फडकं द्या," एवढंच त्या म्हणत.

या माणसाचा जीव एका गोष्टीत अडकला होता. चंदेरी रंगाची छोटी पेट्रोल गाडी, चौदा वर्षांची. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला गाडीचा सोस आहे. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. नीरजाबाई गाडीत गुणगुणत.

लग्नाआधी त्या पुष्कळ गाणं शिकल्या होत्या. घरात मात्र त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, आणि यात सासरच्यांचा काही दोष नव्हता. सदाशिव पेठेत भिंतीपलीकडे श्रोता नसतो, परीक्षक असतो. पण गाडीच्या काचा वर गेल्या, टिळक रस्ता मागे पडला, की बाई खिडकीबाहेर बघत आपसूक सुरू होत. भाड्याच्या टॅक्सीत परका चालक पुढे बसलेला, तिथे त्या घडी घातलेल्या साडीसारख्या गप्प. गोपाळकृष्णांनी आजवर एकदाही दाद दिली नव्हती. दाद दिली तर थांबेल ही भीती. ते फक्त गाडी हळू चालवत आणि मागच्यांचे हॉर्न खात.

दसऱ्याच्या संध्याकाळी दोघं आपट्याची पानं घेऊन खराडीला लेकीकडे निघाले. कादंबरी तिथेच एका कंपनीत नोकरी करते, तिथेच राहते. बंडगार्डनच्या पुलावर नीरजाबाईंचा भीमपलास नुकता लागत होता, तेवढ्यात गाडीनं गचका दिला. मग दुसरा. समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि सगळी गाडी थंडी वाजल्यासारखी थरथरू लागली. नीरजाबाई गप्प झाल्या.

कादंबरी फाटकाशीच उभी होती. तिनं सोनं घेतलं, दोघांच्या पाया पडली आणि मग म्हणाली, "बाबा, आपलं काय ठरलं होतं?"

ठरलं होतं ते असं, की गाडीनं पुन्हा रस्त्यात दगा दिला तर ती विकायची.

"रस्त्यात बंद पडली नाही. फक्त अडखळली," गोपाळकृष्ण म्हणाले.

"वकिली नको. आमच्या ऑफिसातल्या सुदर्शनला हात बसवायला जुनी गाडी हवीच आहे. रविवारी मी जेवायला येते, दुपारी त्याचा फोन येईल. गाडी नीट असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल तर मी त्याला हो म्हणणार. आईला घेऊन भर हायवेवर अडकलात तर मी काय करू? अहो, काळजी वाटते म्हणून बोलतेय."

नेहमीचा मेकॅनिक वैजनाथ सणासाठी गावाला गेलेला, सोमवारपर्यंत येणार नव्हता. म्हणजे जे काय करायचं ते खाली पार्किंगमध्ये, स्वतःच.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी चौकशी मांडली. आधी पेट्रोल पंपवाला : त्यानं नक्की भेसळ केली. पण त्याच पंपावर भरलेली शेजाऱ्यांची गाडी ठणठणीत होती. मग उंदीर : पार्किंगमधल्या उंदरांनी वायरी कुरतडल्या. वायरी बघितल्या, धड निघाल्या. मग रस्त्यांवरचे खड्डे, मग वैजनाथ, मग महापालिका. नीरजाबाई चहा घेऊन खाली आल्या तेव्हा आरोपींची रांग लागली होती.

"सगळ्यांची झाली का?" त्यांनी विचारलं. "आता जरा इंजिनाला विचारा. चालू करा बघू."

इंजिन चालू झालं. नीरजाबाई कप हातात धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. डाव्या हाताची बोटं पदरावर हलत होती.

"एक, दोन, तीन आणि मग काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा एक, दोन, तीन, काहीच नाही. चौथा ठोका गिळतंय."

गोपाळकृष्ण बघतच राहिले. इंजिनाला सिलिंडर चार. तीन काम करताहेत, चौथ्यात ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल पोचत नाही. तक्रार एवढी नेमकी लिहून आणणारा दावेदार त्यांना नोकरीत कधी भेटला नव्हता. पण चारांतला आळशी कोण, ते कसं कळायचं? त्यांच्या पिढीनं स्कूटरचा प्लग खिशातल्या रुमालानं पुसत अर्धं आयुष्य काढलं होतं, तेव्हा अगदीच हात टेकायची वेळ आली नव्हती. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगवर ठिणगी पुरवणारी एकेक कॉइल होती. गाडी बंद करायची, एका कॉइलची वायर काढायची, पुन्हा चालू करायची. काम करणाऱ्या सिलिंडरची वायर काढली तर इंजिन आणखी लंगडेल. आधीच झोपलेल्याची काढली तर काही फरकच पडणार नाही.

त्यांनी पहिलीची वायर काढली.

"आता दोन ठोके खातंय," नीरजाबाई म्हणाल्या.

ती परत जोडून दुसरीची काढली. तेच.

तिसरीची काढली आणि किल्ली फिरवली. नीरजाबाईंनी बराच वेळ ऐकलं आणि डोळे उघडले. "जसं होतं तसंच आहे. इथेच आहे बघा तुमचा आरोपी."

गाडी बंद करून, इंजिन निवू देऊन गोपाळकृष्णांनी पान्यानं तिसरी कॉइल सोडवली आणि वर ओढली. तिचं रबर ओलं होतं. त्यांनी विजेरी लावून आत बघितलं. प्लगच्या खोल खळग्यात पाणी साचलं होतं. पाणी पिवळं होतं, आणि त्यावर काहीतरी तरंगत होतं. कापडाचा बोळा काडीला गुंडाळून त्यांनी ते हळूहळू टिपून घेतलं. बोळ्याबरोबर जे वर आलं, ते नीरजाबाईंनी तळहातावर घेतलं.

तांदळाचे दोन दाणे आणि झेंडूची एक पाकळी.

आता खंडेनवमीला काय घडलं ते सांगायला हवं. सगळं पुणं त्या दिवशी गाडी धुतं, बॉनेटवर स्वस्तिक काढतं, हार घालतं. गोपाळकृष्णांना ते पटत नसे. पूजा हत्यारांची, शस्त्रांची. बॉनेट म्हणजे नुसता पत्रा, त्याला कशाला हळदकुंकू? काम करतं ते इंजिन. तेव्हा यंदा त्यांनी बॉनेट उघडलं, वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं, इंजिनाला तांब्याभर पाण्यानं स्नान घातलं, मग हळद, कुंकू, फूल, अक्षता, सगळं यथासांग. शिवाय पार्किंगमध्ये जमलेल्या चार जणांना शास्त्रही समजावून सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तांब्यातलं पाणी तिसऱ्या कॉइलच्या बाजूनं आत उतरलं आणि ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच ओल्यात विरू लागली. काखेत कळसा होता आणि हे गृहस्थ महापालिकेला वळसा घालून आले होते.

नीरजाबाईंनी तळहात पुढे केला. "पिवळं पाणी, अक्षता, झेंडू. आता दावा मंजूर करायचा की फेटाळायचा?"

गोपाळकृष्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "फेटाळायचा," ते म्हणाले. "विमेदाराचा निष्काळजीपणा."

नीरजाबाई इतक्या हसल्या की वरच्या गॅलरीतून दोघं जण वाकून बघायला लागले. गोपाळकृष्णांनाही हसू आवरेना. मग बाईंनी कादंबरीचा जुना केस वाळवायचा ड्रायर आणला, लांब वायर जोडली आणि खळगा चांगला वाळवला. तो कोरडा झाल्यावरच प्लग सोडवला, गंज घासून काढला, कॉइलचं रबर पुसून पुन्हा सगळं जागच्या जागी बसवलं. किल्ली फिरवली. नीरजाबाईंची बोटं पदरावर हलली.

"चारी आहेत," त्या म्हणाल्या आणि कप घेऊन वर गेल्या.

शनिवारी बाजारापर्यंतच्या फेऱ्यांत तो पिवळा दिवाही आपणहून विझला.

रविवारी कादंबरी आली, जेवली आणि म्हणाली, "चला, दाखवा." ती मागे बसली. राजाराम पुलापाशी वळून परत यायचं ठरलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती, पण गोपाळकृष्णांचं लक्ष तिकडे नव्हतं. लेक मागे बसलेली, परीक्षक म्हणून. नीरजाबाई नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"झालं काय होतं?" कादंबरीनं विचारलं.

"इंजिनात पाणी गेलं होतं."

"पाऊस तर नव्हता."

"मी घातलं," गोपाळकृष्ण म्हणाले. "पूजेत."

कादंबरीनं कपाळाला हात लावला, पण तिला हसू आलं होतं. दांडेकर पूल गेला. सिंहगड रस्त्यावर रविवार दुपारची सुस्ती होती, इंजिन एका लयीत घुमत होतं, आणि त्या लयीत कधीतरी, कोणाच्या ध्यानात येण्याआधी, भीमपलास सुरू झाला. अगदी हलका. आधी नुसते सूर, मग एखादा शब्द.

गोपाळकृष्णांनी आरशात बघितलं. कॉलेजात असताना कादंबरी या गाडीत कानात यंत्र खुपसून बसायची, नोकरी लागल्यापासून बसलीच नव्हती. ती आईच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर फोन थरथरला. सुदर्शनच असणार. तिनं आवाज न करता तो बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

राजाराम पूल आला. गोपाळकृष्णांनी वळण्याचा दिवा लावला. टिकटिक ऐकून नीरजाबाई थांबतील की काय असं वाटलं, तोच मागून एक हात गोपाळकृष्णांच्या खांद्यावर आला.

"बाबा," कादंबरी कुजबुजली, "इथे वळू नका. खडकवासल्यापर्यंत जाऊ."