बाळंतपणाची घासाघीस

सांगते, पण मधे कुणी हसायचं नाही. हसलात तर मी तिथेच थांबेन, कारण पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. माणूस एकदा माती खातो, दोनदा खातो. मी बदलापूर ते उल्हासनगर, प्रत्येक गावात उतरून खाल्ली!

झालं असं, की मला दिवस गेले. आनंदच झाला हो, नाही कशाला म्हणू? पण आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी संदीप, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, पण खर्चाचं काय?"

संदीप अंबरनाथला एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. विम्याचं कार्ड मिळणार, मिळणार असं तो आमच्या लग्नाआधीपासून ऐकतोय. विचारलं की उत्तर एकच, "प्रोसेस में है." मी उल्हासनगरला एका सिंधी आंटींच्या साडीच्या दुकानात. तिथे दिवाळीला साडी मिळते, विमा नाही.

मग मी एका विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी.

"मैम, मॅटर्निटी कव्हर है ना! आप बेबी कब प्लॅन कर रहे हैं?"

"प्लॅन काय करायचंय? आलंय ते! आ गया पेट में!"

मग तोच आवाज, पण गोडवा गेलेला. म्हणे पॉलिसी काढल्यावर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, आणि हे बाळ आधीपासूनचं धरतात. शुगर, बीपी आधीपासून असतं ना, तसं. पोटातल्या लेकराला त्या बाईने आजारात जमा केलं! मी फोन ठेवला आणि लिंबू चोखत बसले.

आता राहिला एकच रस्ता. परवडेल असं नर्सिंग होम शोधणं. पण त्यातही आमच्या सासूबाई आडव्या. त्या बारवी धरणाकडच्या गावातल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तीन महिने भरल्याबिगर कोनाला सांगाचा नाय. नजर लागते. आपला नावपन घ्याचा नाय."

आता न सांगता चौकशी कशी करायची? तुम्हीच सांगा!

इथे मला आमच्या आंटींची शिकवण आठवली. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्या माझ्या कानात सांगतात, "देख, खुद के लिये लेने आयी है, भाव मत छोड. दुसरे के लिये आयी है तो सही बोल, नहीं तो चली जायेगी." म्हणजे स्वतःला पाहिजे असं दिसलं की भाव चढतो. इतकी वर्षं गल्ल्याच्या या बाजूला उभी राहून मी एवढं तरी शिकले होते. ठरवलं, आपण दुसऱ्यासाठी विचारायचं. नजरही लागणार नाही, भावही बरा मिळेल. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले, की त्या दिवशी मळमळसुद्धा कमी झाली.

पहिलं नर्सिंग होम बदलापूर पश्चिमेला, आम्ही राहतो त्या हेंद्रेपाड्याजवळच. काउंटरवर म्हटलं, "माझ्या नणंदेसाठी विचारतेय. डिलिव्हरीचं किती घेता?" त्यांनी आकडा सांगितला. नॉर्मलचा वेगळा, सिझरचा वेगळा. सवयीने तोंडातून निघालं, "काही कमी करा ना हो. तिच्या नवऱ्याची नोकरी गेलीय." थोडं कमी झालं.

बघा हं, इथे थांबायला हवं होतं. पण एकदा भाव खाली आला की मी थांबते होय?

दुसरं बदलापूर पूर्वेला. तिथे नणंदेचा नवरा दारू पिऊ लागला. आणखी थोडं कमी झालं. तिसरं अंबरनाथला. चार जिने चढून गेले, पाय सुजलेले, तोंडाला चव नाही. काउंटरला एक पन्नाशीच्या बाई होत्या, मोठी टिकली, जाड चष्मा. त्यांनी आकडा सांगितला आणि मला खरंच रडू आलं. खोटं नाही, खरं. इतक्या दिवसांचा शीण होता तो. पण रडायचं कारण खरं कसं सांगणार? मग म्हटलं, "काय सांगू हो, नवऱ्याची नोकरी गेली, मग प्यायला लागला, मारायचा तिला. आता तर सोडूनच गेलाय."

त्या बाईंच्याही डोळ्यांत पाणी! काउंटरच्या बाहेर आल्या, मला पाणी दिलं.

"मेल्याला काही वाटलं नाही का, पोटुशी बायको टाकून जायला? तू रडू नको गं. मी डॉक्टर मॅडमशी बोलते, निम्म्यात करून देते. पण पोरीला एकदा घेऊन ये. मला बघू दे तिला."

निम्म्यात! मी हवेत तरंगत घरी आले. पोरगी कुठून न्यायची, ते नंतर बघू म्हटलं.

आता माझी नणंद कोण, ते ऐका. प्रियांका. एकच. लग्न व्हायचंय. आणि त्याच रविवारी वांगणीहून मुलाकडचे लोक आमच्याकडे साखरपुड्याची तारीख ठरवायला येणार होते. मुलगा शांत, नोकरी कायमची. प्रियांकाला तो मनापासून आवडला होता. सगळं जमलेलं, फक्त सुपारी फुटायची बाकी.

रविवारी पाहुणे आले. सासूबाई बाहेर बसून लेकीचं कौतुक करत होत्या, "आमची एकच पोर. फुलावानी वाढवली." मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाची आई, वडील, मुलगा, आणि कोपऱ्यात मुलाची आत्या. मोठी टिकली, जाड चष्मा.

पोहे पडले नाहीत, एवढीच त्या दिवशीची कमाई.

"अगं बाई, तू?" आत्या उठूनच उभ्या राहिल्या. "तू या घरातली? किती वाट बघितली गं तुझी! आणि तुझी नणंद कशीय? नवरा आला का परत? कितवा लागला तिला?"

खोलीतल्या सगळ्या माना प्रियांकाकडे वळल्या. ती बिचारी साडी सावरत होती. गोंधळून तिने पदर पोटावरून ओढून घेतला. ते तर आणखीच वाईट दिसलं!

"ही नाही हो!" मी ओरडले. "ती वेगळी!"

मुलाची आई सासूबाईंना म्हणाली, "तुम्ही तर एकच मुलगी म्हणालात."

"चुलत!" मी म्हटलं. "चुलत नणंद आहे ती!"

सासूबाई अशा वेळी गप्प बसतील तर शपथ. "कोनची चुलत? माझ्या संदीपला चुलत बहीनच नाय!"

प्रियांकाने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. माझ्या चार पैशांच्या हुशारीपायी त्या पोरीचं लग्न मोडायला आलं होतं, आणि तिला तर कशातलं काही माहीतही नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की ट्रे खाली ठेवला आणि डोळे मिटून बोलून टाकलं.

"मी! मीच आहे गरोदर! नणंदेचं नाव उगाच पुढे केलं. भाव कमी व्हावा म्हणून!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, तीन महिने भरले नाय अजून!"

पण आत्यांचा हिशोब अजून पुरा व्हायचा होता. त्या सावकाश म्हणाल्या, "मग तो नोकरी गेलेला, पिणारा, मारणारा, सोडून गेलेला...?"

आता सगळ्या माना संदीपकडे वळल्या. तो नवा शर्ट घालून, पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभा. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाहुण्यांकडे.

"मी फक्त अंबरनाथला जातो," तो म्हणाला. "रोज परत येतो."

सगळ्यात आधी हसला तो मुलगा. आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं त्याने, तो असा हसला की डोळे पुसायला लागला. मग प्रियांका हसली, मग त्याची आई. सुपारी फुटली एकदाची. माझा जीव भांड्यात पडला.

हसल्या नाहीत त्या फक्त आत्या. निघताना त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"रोज संध्याकाळी देवापुढे त्या पोरीसाठी हात जोडत होते मी. परवडत नाही तर परवडत नाही म्हणावं गं. त्यात लाज कसली?"

मान खाली घालून उभी राहिले. चुकलेच होते.

"आणि सरकारी दवाखान्यात का नाही गेलीस? माझ्या दोन्ही सुना तिथेच सुटल्या. काही लागत नाही तिथे."

खरं सांगू? मी रोज उल्हासनगरला उतरून रिक्षाने त्याच दवाखान्यावरून दुकानात जात होते. पण चार बायका म्हणाल्या होत्या, तिथे कोण बघतं, आणि मी त्या चौघींचं ऐकलं. आत जाऊन एकदा विचारलं नाही. विचारलं असतं, तर ना ही वणवण झाली असती, ना आत्यांना खोटं सांगून रडवावं लागलं असतं.

सोमवारी संदीपने खाडा केला आणि आम्ही दोघं गेलो. ही लांब रांग! आपल्यासारख्याच सगळ्या, कुणी सासूबरोबर, कुणी एकटी, कुणी भिंतीला टेकून डुलक्या घेतेय. उभं राहून राहून कंबरेचा पार भुगा झाला. दुपारच्या आसपास माझा नंबर लागला.

"पेशंट कोण?" सिस्टरने विचारलं.

"मी," म्हटलं. एवढंसं उत्तर, पण ते बाहेर पडलं आणि छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं हो.

सिस्टरने नाव घातलं, वजन केलं, मग एका दमात सांगून टाकलं, "तपासणी, गोळ्या, सोनोग्राफी, बाळंतपण, सिझर करावं लागलं तरीसुद्धा, कशालाच पैसे नाहीत. वर घरी सोडायला गाडी."

संदीपने एवढा मोठा सुस्कारा सोडला. महिनाभर अडकून राहिला होता तो. मलाही गहिवरून आलं. सिस्टरचे आभार मानायला मी तोंड उघडलं. पण वर्षानुवर्षांची सवय! तोंडातून निघालं काय?

"ते सगळं ठीक आहे हो सिस्टर, पण शेवटचं किती?"

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "बाई, फुकट म्हटलं मी. आता याच्या खाली कशी उतरू? वरून मीच पैसे देऊ का तुम्हाला?"

आता खोटं कशाला सांगू? "किती?" असं मी विचारणारच होते, तेवढ्यात संदीपने मला दंडाला धरलं आणि पुढच्या खिडकीवर नेलं.