जनकोजीरावांचा बक्षिसाचा फोटो

गोदाबाई मैलापूरच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. साप्ताहिकात छायाचित्रकार जनकोजीरावांनी काढलेला फोटो आला की त्या तो कापून वर्गाच्या भिंतीवर चिकटवायच्या. त्यांतला देवळाच्या पायरीवर बसलेल्या, डोळे भरून आलेल्या फुलवाल्या म्हातारीचा फोटो त्यांचा फार लाडका. "सावली कशी बघायची, ते या माणसाकडून शिका," असं त्या मुलींना सांगायच्या.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात समुद्राकाठची झोपडपट्टी जळाली. गोदाबाई पेज वाटायला गेल्या, तर तिथे गळ्यात कॅमेरा अडकवलेले जनकोजीराव. गोदाबाईंनी भारावून नमस्कार केला, भिंतीवरच्या फोटोंचं सांगितलं. ते खूश झाले.

शेजारीच झोपडी जळालेली मुनियम्मा नावाची बाई राखेत बसली होती. सकाळभर रडून तिचं तान्हं पोर नुकतं झोपलं होतं. जनकोजीराव वाकले आणि त्यांनी पोराच्या मांडीला कचकन चिमटा काढला. पोर किंचाळलं. त्यांनी फोटो घेतला.

"अहो, हे काय करता?"

"झोपलेलं पोर कोण छापणार, बाई?"

गोदाबाईंनी विचारलं, "ती फुलवाली म्हातारी?"

"दुपारभर उन्हाकडे तोंड करून बसवली होती. त्याशिवाय डोळ्यांत पाणी येतं होय?" ते अगदी सहज म्हणाले.

हातातलं भांडं खाली ठेवून गोदाबाई समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

किंचाळणाऱ्या पोराच्या त्या फोटोला बक्षीस मिळालं. तो पाहून लोकांनी मदत पाठवली, झोपड्यांवर नवी छपरं चढली. मोठ्या बाईंनी तो शाळेच्या हॉलमध्ये लावायचं ठरवलं. गोदाबाईंनी घडलं ते सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "पण भलं झालं ना लोकांचं?"

फोटो लागला. खरी शिसारी पुढेच होती: तो उत्तम होता. प्रकाश, राख, पोराचं उघडं तोंड, सगळं जिथल्या तिथे. स्वतःचे डोळे अजून त्याची तारीफ करतायत, याचीच गोदाबाईंना किळस आली. वर्गातले सगळे फोटो त्यांनी नखांनी खरवडून काढले.

पुढे एकदा मुनियम्मा बाजारात भेटली. गोदाबाईंनी चाचरत चिमट्याचा विषय काढला.

"मी बघितलं होतं, अम्मा," ती म्हणाली. "ओरडले असते, तर तो पुढच्या झोपडीत गेला असता आणि मदतही तिकडेच गेली असती."

त्या वर्षीच गोदाबाईंनी दुसऱ्या शाळेत बदली मागून घेतली.