तेरा सत्ते ब्याण्णव

परभणीच्या दवाखान्यात यांच्या उशाशी मी बसले होते. डॉक्टरांनी मुलाला बाहेर बोलावून घेतलं, तेव्हाच मला कळलं होतं. यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "तेरा सत्ते?" ... मी यांचं पांघरूण सारखं करत राहिले. थोडं थांबून हेच म्हणाले, "एक्क्याण्णव." दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. दीड महिना होत आला, तरी ते उत्तर कानातून जात नाही. जन्मभर यांनी ते चुकीचंच सांगितलं होतं.

मी चौथीपर्यंत बोरीला आजोळी शिकले. वर्गात मुली पुढं, मुलं मागं. हे माझ्या पाठीमागंच बसायचे. शाळा सुटायच्या आधी पाढे व्हायचे आणि तेराच्या पाढ्यात सातावर आले की हे अडायचे. मी कुणाशी बोलत नसे, पण गुरुजींची छडी उठली की मान खाली घालून पुटपुटायची, "एक्क्याण्णव." मग माझ्या दप्तरावर चिंचा येऊन पडायच्या. कोण टाकतं, ते मी कधी विचारलं नाही. चौथी झाली आणि वडिलांनी मला गंगाखेडकडं आमच्या गावी नेलं. शाळा सुटली, चिंचाही सुटल्या.

पुढं लग्नाचं वय झालं. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले आणि दोघांनीही कळवलं, पोरगी बोलत न्हाई. वडील तेव्हापासून चार माणसांत बसेनासे झाले. तिसरे पाहुणे बोरीचे आले. पोह्यांची ताटली पुढं करताना मी यांना ओळखलं. मिशा नव्या होत्या, पण पुढं आलेले कान तेच.

यांच्या मामांनी विचारलं, "नाव काय बाई तुजं?"

मी गप्प.

"बरं, शाळा किती शिकलीस?"

तरी गप्प. मामा वडिलांकडं वळले. "पावनं, राग मानू नका, पण पोरगी मुकी तर न्हाई ना?"

वडिलांची मान खाली गेली. दाराआडून आई म्हणायली, "बोल की गं माय, बोल..." आता हेही उठून जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात हे पोह्यांकडं बघत म्हणाले, "मामा, तेरा सत्ते ब्याण्णवच ना?"

"हे काय रे मधीच?"

"एक्क्याण्णव!" मी म्हटलं. पुटपुटले नाही, चांगलं अंगणापर्यंत ऐकू गेलं.

मामा मांडीवर थाप मारून हसले. "घ्या! मुकी कशाची, मास्तरीण हाय ही! बोलवा बायांना, कुंकू लावा." त्याच दिवशी सुपारी फुटली.

लग्नानंतर मी रुसले, घुमी झाले, की हे शेतातून येऊन उंबऱ्याशी चपला काढता काढता म्हणायचे, "तेरा सत्ते ब्याण्णव." मी कितीही ठरवलं तरी चुलीपासून उत्तर द्यायचीच. मला वाटायचं, या माणसाला खरंच येत नाही... दवाखान्यात कळलं, येत होतं. शाळेतही येत असेल का, हे विचारायचं राहिलं.

यांच्या चपला अजून उंबऱ्याशीच आहेत. मुलगा उचलायला गेला, मी उचलू दिल्या नाहीत. काल दिवेलागणीला भाकरी थापताना मीच त्या चपलांकडं बघून म्हटलं, "तेरा सत्ते ब्याण्णव." आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत वाट पाहिली.