पहिलं नको

नवऱ्याने तिचं नाव नकोबाई ठेवलं, ते ती परदेशात येऊन पोचली त्याच आठवड्यात. नावं ठेवण्यात हा माणूस पटाईत. वायरमनच्या कामावर तो तिच्या आधी येऊन एकटा राहिला होता, इथले सगळे टक्केटोणपे खाऊन बसला होता, आणि त्यातला एकही बायकोला सांगितला नव्हता. "सांगून काय मजा? स्वतःला बसल्याशिवाय कळत नाही," म्हणे. आता बोला!

झालं असं की वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने दोघांना चहाला बोलावलं. टेबलावर हा एवढा केक. शेजारणीने विचारलं, "केक देऊ?" नवरा म्हणाला, "हो." आपली बाई लाजून म्हणाली, "नको नको, आत्ताच जेवलो." जेवण कसलं डोंबलाचं! घर लावायच्या नादात सकाळपासून घास पोटात नव्हता. पण पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हात पुढे करायचा, हे काय चांगल्या घरच्या बाईचं लक्षण? आता ही म्हणेल, "असं कसं, थोडा तरी घ्या," मग आपण म्हणू, "बरं, अगदी एवढासा." असा सगळा हिशेब मनात तयार होता.

शेजारीण म्हणाली, "बरं," आणि उरलेला केक कपाटात ठेवून आली. कपाटात! दार लागल्याचा आवाजसुद्धा तिने ऐकला. पोटात कावळे ओरडत होते आणि बाजूला बसून नवरा बोटं चाटत होता.

"अहो, माझ्यासाठी एक शब्द टाकता येत नव्हता?" जिना उतरताना ती फणकारली.

"तू नको म्हणालीस. इथे नको म्हणजे नको असतं, नकोबाई."

एवढं होऊन शहाणी झाली म्हणता? छे. जन्मभराची जिभेची सवय, ती काय एका केकने सुटते? कुणी गाडीतून सोडू का विचारलं, ही "नको" म्हणाली आणि हातात पिशव्या घेऊन चढ चढत घरी आली. कुणी बसायला खुर्ची दिली, ही "नको" म्हणाली आणि ताटकळत उभी राहिली. आणि गंमत म्हणजे कुणाला वाईटही वाटायचं नाही. सगळे हसून "बरं" म्हणायचे आणि आपापल्या वाटेने जायचे.

पण घर मात्र खायला उठायचं. गावी तिचं शिलाई मशीन दाराशीच असायचं. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आणि त्यांच्या पोरींचे फ्रॉक तिने तिथे बसून शिवले. रस्त्यावरून जाणारा माणूस एक वाक्य बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही. इथे खिडक्या बंद, दारं बंद, आणि नवरा कामावर गेला की ती पातेल्यांशी बोलायची. म्हणून कोपऱ्यावरच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात तात्पुरतं काम मिळालं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

दुकान लहानसं. मालकीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात कायम टेप. आतल्या बाजूला इस्त्रीवाला, धिप्पाड माणूस, वाफेच्या ढगात उभा राहून गुणगुणणारा. आपल्या बाईला मागच्या टेबलावर हातशिलाई दिली होती: बटणं, हुक, सुटलेल्या कडा. इथली भाषा तिला मोडकीतोडकीच यायची, पण सुईला कुठे भाषा लागते? आणि तिचा डोळा होता तो खिडकीजवळच्या मशीनवर. तिथे बसणारी कारागीर दुसऱ्या शहरात राहायला जाणार होती. त्या मशीनवर बसलं की समोर सगळा रस्ता. माणसं जाता-येता हात करायची. ती जागा मिळाली तर इथे आपण जगू, नाहीतर पातेल्यांशी बोलत म्हातारे होऊ, असं तिने नवऱ्याला स्पष्टच सांगितलं होतं. रोज निघताना ती त्या मशीनवरची धूळ उगाचच पुसायची.

एका संध्याकाळी दुकान बंद करताना मालकीणबाई म्हणाल्या, "तुझं काम मला आवडलं. खिडकीजवळचं मशीन कायमचं घेशील?"

तिच्या काळजाने उडी मारली. आणि तोंडाने? तोंडाने काय करावं!

"अहो, नको. मी कसली! मला कुठे एवढं जमतंय?"

मालकीणबाई मान हलवून म्हणाल्या, "बरं. प्रामाणिकपणे सांगितलंस, आभारी आहे."

ही घरी आली ती नाचतच. "अहो, विचारलं त्यांनी! मशीन देतायत मला!"

"वा! मग?"

"मग काय, नको म्हणाले. उद्या परत विचारतील ना."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. तो हसला नाही, आणि तो हसला नाही म्हणूनच तिला सगळं लख्ख कळलं. तोंडचं पाणी पळालं. जेवण गेलं नाही, झोप लागली नाही. डोळ्यांपुढे सारखं ते केकचं कपाट.

सकाळी दुकानाच्या काचेवर पाटी: कारागीर पाहिजे. आणि पाटीसमोर उभी राहून ती वाचणारी एक बाई, काखेत पिशवी. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. ही धावतच आत शिरली, तोवर त्या बाईने दाराच्या मुठीला हात घातला, आणि तिला आत घ्यायला मालकीणबाई आपल्या खुर्चीतून उठल्या.

"थांबा!" आपली बाई ओरडली. आतलं गुणगुणणं बंद पडलं. "बाई, मला परत विचारा!"

"काय परत विचारू?"

"मशीनचं. कालचं माझं नको खरं नव्हतं. ते पहिलं नको होतं."

मालकीणबाई बुचकळ्यात पडल्या. मग हिने हातवारे करून, भाषेची पार मोडतोड करत सांगितलं, की आमच्याकडे पहिलं नको भिडेचं असतं. दुसरं नको समोरच्याला किती मनापासून द्यायचंय ते बघायला असतं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की आम्ही घेतो.

"आणि खरंच नको असेल तर?"

"तर ताटावर हात आडवा धरतो. असा." तिने टेबलावर दोन्ही पंजे पसरले. "काल माझा हात आडवा होता का? सांगा!"

इस्त्रीवाल्याला असं हसू फुटलं की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. मालकीणबाईंनी मात्र गंभीर चेहऱ्याने टेप नीट केली. "मशीन कायमचं घेशील—"

"हो!"

"अगं, प्रश्न तर पुरा होऊ दे."

"हो, हो, हो! तिन्ही वेळचं एकदमच घ्या!"

मालकीणबाईंनी काचेवरची पाटी काढून तिच्या हातात दिली. एवढ्यात ती पिशवीवाली बाई दारातून हळूच म्हणाली, "माझ्या जाकिटाची चेन बदलून मिळेल का?"

त्या मशीनवर तिने शिवलेली पहिली चेन ती. आणि शिवताना डोळ्यांतून घळाघळा पाणी, ओठांवर हसू. जाकीटवाली बिचारी घाबरून विचारत होती, फारच अवघड काम आहे का म्हणून.

पुढे एका रविवारी मालकीणबाई तिच्याकडे जेवायला आल्या. भात वाढला, भाजी वाढली, परत वाढली. "नको," मालकीणबाई म्हणाल्या. हिने वाढलं. "नको गं, खरंच." हिने वाढलं. नवरा मान खाली घालून खुदुखुदु हसत होता. पुन्हा वाढायला डाव पुढे आला, तसे मालकीणबाईंनी दोन्ही पंजे ताटावर आडवे धरले, ऐटीत, परीक्षेत पहिली आलेल्या पोरीसारखं.

ही थबकली. डाव पातेल्यात ठेवला. "बरं," ती म्हणाली आणि पातेलं उचलून ओट्याकडे निघाली.

मागून मालकीणबाईंचा आवाज आला, "अगं, पण अजून एकदा विचार की!"